मणिलाल डॉक्टर : मजुरांचे वकील

आपले आजे-पणजे कोकणातून येऊन या बेटावरील ऊसमळ्यांत राबले, तेव्हा कोर्टाचे नाव निघताच त्यांच्या उरात धडकी भरे. मालकाजवळ वकील असे. मजुराजवळ ना पैसा, ना कोर्टाची भाषा. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. अशा काळी, १९०७ साली, गांधीजींच्या सांगण्यावरून बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर मॉरिशसला आले.

त्यांचा जन्म १८८१ साली बडोद्यास झाला. पोर्ट लुईच्या कोर्टात पागोटे उतरवून उभे राहण्यास त्यांनी ठाम नकार दिला. गरीब मजुरांचे खटले ते अल्प मोबदल्यात, कधी विनामूल्य चालवीत. मजुराची बाजू मांडणारा, साक्षीदाराची उलटतपासणी घेणारा आपला माणूस आता कोर्टात उभा होता. १९०९ साली त्यांनी 'हिंदुस्थानी' पत्र काढले आणि शाही आयोगापुढे मजुरांची गाऱ्हाणी मांडली. पुढच्याच वर्षी करारबद्ध मजूर आणणे थांबले.

१९१२ साली ते फिजीला गेले. तेथेही मजुरांसाठी झगडल्यामुळे सरकारने १९२० साली त्यांना हद्दपार केले. १९५६ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

आपल्या १९६८ च्या राज्यघटनेप्रमाणे गुन्हा सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष मानला जातो. आरोप त्याला समजेल अशा भाषेत सांगावा लागतो, दुभाषी मोफत मिळतो, पसंतीचा वकील देता येतो. मुलांना हे हक्क शिकविताना मणिलालजींचे नाव अवश्य सांगावे.