चार हजार मैल चाललेल्या रमाबाई

मैत्रिणींनो, दौंडहून पुण्याला निघालं की वाटेत केडगाव स्टेशन लागतं. आपल्यापैकी कितीतरी जणी तिथून ये-जा करतात. आम्ही शिरूरकडच्या बायका न्हावऱ्यावरून चौफुल्याला येतो, तेव्हाही केडगाव जवळच असतं. केडगाव म्हटलं की पंडिता रमाबाई आणि त्यांचं मुक्ती मिशन, एवढं आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पण या बाई तरुणपणी किती आणि कशा चालल्या, हे मला कुठे ठाऊक होतं! गेल्या वर्षी डोंगरात आमच्यावर एक प्रसंग आला आणि त्यानंतर मी त्यांचं चरित्र पुन्हा हातात घेतलं.

प्रसंग असा. आमच्या महिला मंडळाच्या आठ जणी हिमालयात चालायला गेलो होतो. एका खोऱ्यातून चढायचं, खिंड ओलांडायची आणि दुसऱ्या खोऱ्यातून उतरून पुन्हा पहिल्या गावी यायचं, अशी पाच दिवसांची गोल वाट. आमच्यातल्या एकीचं दुसऱ्या रात्रीपासून डोकं दुखत होतं, जेवण जात नव्हतं. पण आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको म्हणून ती गप्प राहिली. मी तिच्याच तंबूत होते. ताटात अन्न तसंच राहिलेलं मी पाहिलं, पण दमली असेल म्हणून सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी खिंडीच्या अलीकडे तिचे पाय लटपटायला लागले, बोलणं अडखळायला लागलं. वाटाड्या दादाने क्षणभरही विचार न करता तिला सोबत देऊन खाली उतरवलं. खाली गेल्यावर ती सावरली. आज धडधाकट आहे. पण अजून दोन तास ती गप्प राहिली असती तर? या विचाराने मला कितीतरी रात्री झोप लागली नाही.

आता रमाबाईंकडे वळू या. त्यांचा जन्म 23 एप्रिल 1858चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात. हा भाग आज कर्नाटकात येतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवायचं, असा त्यांनी ध्यास घेतला. लक्ष्मीबाईंना शिकवण्यावरून लोकांचा विरोध झाला, तेव्हा हे जोडपं सरळ रानात जाऊन राहिलं. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना घर मोडलं आणि कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. तान्ह्या रमेला वेताच्या पेटीत ठेवून डोंगरावरून खाली आणलं. अशी त्यांची पहिली डोंगरवाट झाली, तीही दुसऱ्याच्या आधाराने!

पुढची कितीतरी वर्षं या घराला कायमचं छप्पर नव्हतं. या क्षेत्रातून त्या क्षेत्रात जायचं, देवळात किंवा धर्मशाळेत पुराण सांगायचं, मिळेल त्या दक्षिणेवर गुजराण करायची. लक्ष्मीबाई पहाटे उठून लेकीला शिकवायच्या. बाराव्या वर्षापर्यंत रमाबाईंना भागवताचे अठरा हजार श्लोक पाठ होते. एवढ्या धावपळीत, चुलीचा पत्ता नसताना, ही आई मुलीचा धडा चुकू देत नव्हती. खरंच नवल वाटतं.

मग मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. वडील थकलेले, दृष्टी गेलेली. जवळचा पैसा दानधर्मात आणि अनुष्ठानात संपला होता. मागे काही राखून ठेवायचं, हे कुणाच्या मनातच आलं नाही. आधी दागिने विकले, मग चांगली वस्त्रं, मग चांदी-पितळेची भांडी. शेवटचा दाणाही संपला. मजुरी करायची तर ती कधी केली नव्हती आणि माहीतही नव्हती. भीक मागायची तर विद्वान घराण्याची लाज आडवी आली. सगळं कुटुंब रानात शिरलं आणि अकरा दिवस झाडपाला आणि पाणी यांवर राहिलं. वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं, तेव्हा थोरला भाऊ श्रीनिवास पुढे झाला. मी मजुरी करीन, पण असं करू नका, असं त्याने विनवलं. सगळे रानातून बाहेर आले. पण तोवर फार उशीर झाला होता. थोड्याच दिवसांत वडील गेले.

त्यानंतर आईने अंथरूण धरलं. तिला बाजरीच्या भाकरीचा तुकडा खावासा वाटला. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या आसपास होत्या. शेजारच्या घराच्या दारात जाऊन त्या उभ्या राहिल्या, पण मागायला तोंडच उघडेना. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्या घरातल्या बाईने ओळखलं आणि भाकरी दिली. रमाबाई धावत परत आल्या. पण आईच्या अंगात ती भाकरी खायचीही ताकद उरली नव्हती. आई गेली. खांदा द्यायला माणसं मिळेनात. शेवटी दोघेजण आले. रमाबाईंची उंची कमी, म्हणून आईच्या तिरडीचा आपला भार त्यांनी डोक्यावर घेतला. पुढे थोरली बहीण कृष्णाबाईही पटकीने गेली.

मैत्रिणींनो, त्या दारातल्या मुलीत मला तंबूतली आमची मैत्रीण दिसली. भूक असो की डोकेदुखी, आपण बायका सांगायला किती लाजतो! आणि सांगतो तेव्हा वेळ निघून गेलेली असते.

आता भाऊ-बहीण दोघंच उरले. 1878मध्ये कलकत्त्याला पोहोचेपर्यंत ती दोघं चार हजार मैलांहून जास्त पायी चालली. म्हणजे साडेसहा हजार किलोमीटरच्या जवळपास! दक्षिणेतून निघाली ती उत्तरेला थेट काश्मीरपर्यंत गेली. पायांत धड वहाण नाही, अंगावर उबदार कपडा नाही. भूक अनावर झाली की मूठभर रानफळं सालीसकट, बियांसकट गिळायची. पण ही दोघं आता पूर्वीसारखी हताश नव्हती. वाट त्यांना शिकवत होती.

पंजाबात झेलम नदीच्या काठी कडाक्याच्या थंडीत रात्र काढायची वेळ आली. आसरा नाही, पांघरूण नाही. दोघांनी काय केलं असेल? नदीकाठच्या वाळूत आपापल्यापुरते दोन खड्डे खणले. त्यांत आडवी झाली आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून कोरडी वाळू अंगावर ओढून घेतली. शिकलेलीच होती दोघं, पण ही युक्ती कुठल्या पोथीत नव्हती! ती बरोबर होती, हे आज आपल्याला कळतं. थंडीपेक्षा वारा आणि ओल माणसाला जास्त लवकर गारठवतात. कोरड्या वाळूने वारा अडला आणि अंगातली ऊब अंगातच राहिली. तीच वाळू ओली असती तर दोघांची सकाळ झाली नसती.

कलकत्त्यात विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पण सुख फार टिकलं नाही. 1880मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं, 1881मध्ये मनोरमा जन्मली आणि 1882च्या फेब्रुवारीत पतीही पटकीने गेले. तेविसाव्या वर्षी कडेवर मूल घेऊन ही बाई पुन्हा एकटी पडली. त्याच वर्षी त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला. 1883मध्ये इंग्लंडला गेल्या आणि तिथे ख्रिस्ती झाल्या. डॉक्टर व्हायचं मनात होतं, पण ऐकायला कमी येत असल्यामुळे ते राहिलं. मग त्यांनी दुसरी वाट धरली. 1886मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेला पोहोचल्या आणि तिथे गावोगाव फिरून इथल्या विधवांसाठी मदत उभी केली. एकेकाळी भाकरीचा तुकडा मागताना जिचं तोंड उघडलं नव्हतं, ती बाई आता परक्या देशात, परक्या भाषेत, भरसभेत दुसऱ्यांसाठी मागत होती!

11 मार्च 1889 रोजी मुंबईत चौपाटीवर शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. तिथे शिकलेल्या गोदूबाईंशी पुढे धोंडो केशव कर्व्यांनी लग्न केलं. शारदा सदनावर टीकाही खूप झाली, पालकांनी मुली काढून नेल्या. तरी रमाबाई डगमगल्या नाहीत.

मग 1897चा मध्य प्रांतातला दुष्काळ आला. भूक म्हणजे काय ते रमाबाईंना सांगायला नको होतं. त्या स्वतः तिथे गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. पण या वेळी त्या रिकाम्या हाताने गेल्या नव्हत्या. केडगावची शंभर एकर जमीन आधीच घेऊन ठेवलेली होती. प्लेगमुळे पुण्यात नव्या माणसांना राहू देईनात, तेव्हा ही जमीनच कामी आली. तिथे विहिरी, शेती, विणकाम, छापखाना असं सगळं उभं राहिलं. हाताला काम मिळालं की कुणापुढे मान खाली घालावी लागत नाही, हे त्या रानातल्या अकरा दिवसांनीच त्यांना शिकवलं होतं. 1900च्या गुजरातच्या दुष्काळानंतर केडगावच्या बायका-मुलींची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. 1921मध्ये मनोरमा गेली आणि 5 एप्रिल 1922 रोजी केडगावातच रमाबाईंनी डोळे मिटले.

हल्ली आपल्याकडच्या बायका केदारनाथला जातात, ट्रेकला जातात. जरूर जावं! पण वाटेचे नियम पाळावेत. आपण राहतो पाच-साडेपाचशे मीटर उंचीवर आणि केदारनाथ आहे साडेतीन हजारांवर. हवा विरळ होत जाते, शरीराला सवय व्हायला वेळ लागतो. अडीच-तीन हजार मीटरच्या वर गेलं की आदल्या रात्रीपेक्षा पाचशे मीटरहून जास्त उंचीवर मुक्काम करू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर असं काही झालं तर लगेच सांगावं आणि बरं वाटेपर्यंत वर चढू नये. बसल्याजागी दम लागला, तोल जायला लागला, बोलणं भरकटलं, तर रात्र असली तरी खाली उतरवावं, एकटीला मात्र पाठवू नये. जादा कपड्यांचा एक जोड प्लास्टिकमध्ये कोरडा ठेवावा. ओली सुती साडी किंवा ड्रेस अंगावर वाळवू नये. खाऊ, पैसे आणि ताकद, तिन्हींतलं थोडं परतीसाठी राखावं. गोल वाटेवर तर हे फार महत्त्वाचं. निम्म्याच्या पुढे गेलं की मागे फिरणंही तितकंच लांब पडतं. म्हणून अवघड टप्प्याच्या आदल्या मुक्कामीच प्रत्येकीला नीट विचारावं आणि तिथेच ठरवावं.

आम्ही आता आमच्या मंडळात एक रीत पाडली आहे. बाहेरगावी चालायला गेलो की रोज संध्याकाळी गोल करून बसायचं आणि प्रत्येकीने आपल्याला काय होतंय ते मोठ्याने सांगायचं. काही होत नसेल तर तेही सांगायचं. जिचं ताट भरलेलं राहील तिच्याशेजारी मी जाऊन बसते. पहिल्या दिवशी सगळ्याजणी संकोचल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तीच आमची मैत्रीण सगळ्यांच्या आधी बोलली, गुडघा दुखतोय म्हणाली. मग तिची सॅक आम्ही वाटून घेतली आणि हळूहळू, पण सगळ्याजणी मिळून चाललो.