टाकाऊ मातीतलं रेडियम

मेरी क्युरी म्हटलं की तुम्हाला दोन नोबेल आठवतात. पण तिच्या दारात येऊन पडलेली मातीची पोती कुणी सांगितली का? बोहेमियातल्या (आजचं चेक प्रजासत्ताक) याखिमोव्हच्या खाणीत पिचब्लेंडमधून युरेनियम काढायचे, काच रंगवायला. उरलेला तपकिरी गाळ जंगलात फेकून द्यायचे. मेरीनं नेमका तोच मागवला. आला तोही पाइनच्या सुयांसकट!

का मागवला? पिचब्लेंडचा किरणोत्सर्ग त्यातल्या युरेनियमच्या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त भरत होता. म्हणजे आत आणखी कुणीतरी होतं, आणि युरेनियम काढून घेतलं तरी ते गाळातच राहणार होतं. १८९८ मध्ये तिनं आणि पिएरनं पोलोनियम आणि रेडियम जाहीर केलं. पुढची चार वर्षं गळक्या शेडमध्ये कढया ढवळण्यात गेली. टनांनी गाळ उपसून हाती आलं जेमतेम ०.१ ग्रॅम रेडियम क्लोराइड.

रेडियम निम्मं व्हायला सुमारे १६०० वर्षं लागतात. युरेनियमच्या बंद खाणींभोवतीची माती आजही तपासतात ती म्हणूनच. मेरी १९३४ मध्ये रक्ताच्या आजारानं गेली. तिच्या वह्या अजून पॅरिसमध्ये शिशाच्या पेट्यांत ठेवलेल्या आहेत.