ओटो वारबुर्ग : सिद्धांत मागे पडला, निरीक्षण उरले

कर्करोगावरील औषध लागू पडते आहे की नाही, याचा अंदाज गाठ लहान होण्याआधीच देणाऱ्या पेट स्कॅनचे मूळ शंभर वर्षांपूर्वी बर्लिनमधील एका प्रयोगशाळेत केलेल्या निरीक्षणात आहे. ते निरीक्षण करणारे ओटो वारबुर्ग या तपासणीचा उपयोग पाहण्यास हयात नव्हते.

जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे ८ ऑक्टोबर १८८३ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील एमिल वारबुर्ग हे नामवंत भौतिकशास्त्रज्ञ. ओटो यांनी आधी रसायनशास्त्रात आणि मग वैद्यकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. पहिल्या महायुद्धात ते घोडदळात दाखल झाले. त्यांनी प्रयोगशाळेत परतावे म्हणून आइन्स्टाइन यांनी त्यांना पत्र लिहिले होते.

१९२०च्या दशकात उंदरांच्या गाठींचे अतिशय पातळ काप घेऊन वारबुर्ग त्यांचे श्वसन मोजू लागले. प्राणवायू मुबलक असतानाही कर्कपेशी भरमसाट ग्लुकोज ओढून घेतात आणि त्याचे लॅक्टिक आम्ल करतात, असे त्यांना आढळले. पेशींची श्वसनक्रिया बिघडल्यानेच कर्करोग होतो, हा निष्कर्ष त्यांनी यावरून काढला आणि अखेरपर्यंत हट्टाने धरून ठेवला. जनुकांतील बिघाडांचे ज्ञान वाढत गेले तसा तो मागे पडला. १९३१चे नोबेल पारितोषिकही त्यांना कर्करोगासाठी नव्हे, तर श्वसनातील विकरावरील संशोधनासाठी मिळाले.

वडिलांचे घराणे ज्यू. नाझी सत्तेवर येताच, १९३३ मध्ये, त्यांचे एकेकाळचे सहायक हान्स क्रेब्स यांना नोकरी गमावून इंग्लंड गाठावे लागले. वारबुर्ग बर्लिनमध्येच राहिले. १९४१ मध्ये त्यांना पदावरून दूर करण्यात आले, परंतु कर्करोगावरील संशोधनासाठी काही आठवड्यांतच परत घेण्यात आले. अशा राजवटीत काम चालू ठेवण्याचा त्यांचा निर्णय हा त्यांच्या चरित्रातील सर्वांत अवघड भाग आहे.

१ ऑगस्ट १९७० रोजी बर्लिनमध्ये त्यांचे निधन झाले. पुढे सहा वर्षांनी, १९७६ मध्ये, किरणोत्सर्गी फ्लोरिन जोडलेले ग्लुकोजसदृश द्रव्य अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्रथमच माणसाला देण्यात आले. हेतू मेंदूच्या अभ्यासाचा होता. कर्करोगासाठी त्याचा उपयोग नंतर रूढ झाला. साखरेच्या भुकेल्या गाठी पेट स्कॅनमध्ये उजळून दिसतात. उपचार लागू पडला की ही भूक आधी मंदावते, आकार मागाहून घटतो. हॉजकिन लिम्फोमामध्ये केमोथेरपीच्या दोन आवर्तनांनंतरच ही तपासणी करून पुढचे उपचार वाढवायचे की कमी करायचे, हे ठरवता येते. अर्थात जंतुसंसर्ग वा दाह झालेली जागाही उजळते आणि काही गाठी फारशा उजळतच नाहीत, त्यामुळे चित्र वाचणाऱ्याचा अनुभव महत्त्वाचा ठरतो.

भारतातील पहिले पेट यंत्र २००२ मध्ये मुंबईत परळ येथे, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये बसविण्यात आले. रक्तातील साखर या द्रव्याच्या आड येते, म्हणून तपासणीपूर्वी रुग्णाला काही तास उपाशी ठेवले जाते.