भोर समितीतले भोर

(तृतीय वर्ष कला)

गेल्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांबरोबर मी शिरपामाळावर गेलो होतो. आमच्या भागातल्या मुलांना शिरपामाळ काही नवा नाही. १६६४ साली सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराजांचा तळ या माळावर पडला, जव्हारचे राजे विक्रमशहा त्यांना सामोरे गेले आणि त्यांनी महाराजांच्या मस्तकी मानाचा शिरपेच चढविला, म्हणून हा शिरपामाळ, ही हकीकत आम्ही शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहोत. त्या दिवशी आम्ही माळाची साफसफाई केली, आणि दुपारी जेवणाआधी एका वैद्यकीय अधिकाऱ्यांचे आरोग्यावर व्याख्यान झाले.

बोलता बोलता डॉक्टर म्हणाले की, तुमच्या पाड्याजवळचे उपकेंद्र, त्यावरचे प्राथमिक आरोग्य केंद्र, हे सगळे भोर समितीच्या शिफारशींतून आले आहे. भोर म्हणजे पुणे जिल्ह्यातले भोर, तेथे कधी काळी एखादी समिती भरली असेल, असे मी आपले धरून चाललो आणि शंका म्हणून तसे विचारलेही. डॉक्टर हसले. भोर हे गावाचे नव्हे, माणसाचे नाव आहे, आणि तो माणूस आपल्या शेजारच्या नाशिकचा, असे त्यांनी सांगितले. मुलेही माझ्यावर हसली. पण खरे सांगायचे तर त्यांच्यापैकी एकालाही हे ठाऊक नव्हते.

गोष्ट हसण्यावारी गेली, पण माझ्या मनातून गेली नाही. त्याचे कारण घरचे आहे.

आमचा पाडा मोखाडा तालुक्यात, डांबरी रस्त्यापासून दोन टेकड्यांआड आहे. माझ्या आधी, २००२ साली, आईला एक मुलगी झाली होती. ऐन पावसात तिला ताप भरला. आधी भगत झाला, झाडपाला झाला, आणि मग वडील व काका तिला झोळीत घालून निघाले. वाटेतल्या ओहोळाला पूर होता. पाणी उतरायची वाट पाहत ते काठावर बसून राहिले, आणि रस्ता लागायच्या आत मुलगी गेली. तिचे बारसे झाले नव्हते. त्यामुळे आमच्या घरात तिला नाव नाही. ती पहिली, एवढेच आम्ही म्हणतो.

पुढे २०१२ साली माझ्या धाकट्या भावाला न्यूमोनिया झाला. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. महिना श्रावणाचाच होता, पण तोवर ओहोळावर मोरी झाली होती. केंद्रात नर्सबाई हजर होत्या. त्यांनी पोराला तपासले, प्राणवायू लावला, चिठ्ठी लिहिली आणि सरकारी गाडीत बसवून पुढच्या दवाखान्यात धाडले. नऊ दिवसांनी तो हसत घरी आला. औषधाला पैसा पडला नाही, खाटेला पडला नाही. परतताना आईने नागलीच्या पिठाची पुरचुंडी त्या नर्सबाईंच्या टेबलावर ठेवली आणि ती त्यांच्या पाया पडू लागली. बाईंनी तिला वर उठवले आणि पुरचुंडी परत तिच्या हातात दिली. आईला ते लागले. सरकारने आपल्यावर एवढा उपकार केला आणि आपण काहीच दिले नाही, असे ती वाटभर बोलत राहिली.

आई तीच, पाडा तोच, पाऊसही तोच. एक मूल गेले, एक राहिले. जे राहिले ते कोणाच्या उपकाराने राहिले, की आमचे त्यावर काही देणे लागत होते, म्हणून राहिले? या प्रश्नाचा माग काढत मी ग्रंथालयात गेलो आणि जोसेफ विल्यम भोर यांच्यापाशी पोचलो.

भोर यांचा जन्म ६ एप्रिल १८७८ रोजी नाशिक येथे एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडिलांना रावसाहेब ही पदवी होती, म्हणजे घर सुशिक्षित आणि सरकारदरबारी मान असलेले होते. मुलाचे शिक्षण पुण्यास बिशप्स हायस्कुलात आणि नंतर डेक्कन कॉलेजात झाले. तेथून ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले आणि १९०२ साली इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. त्या काळी ही परीक्षा विलायतेत होत असे आणि तीत उतरणारे हिंदी तरुण अगदी थोडे असत. त्यांची नेमणूक मद्रास इलाख्यात झाली. १९१४ ते १९१९ या काळात ते कोचीन संस्थानचे दिवाण होते. १९२२-२३ मध्ये लंडन येथे हिंदुस्थानचे हंगामी हायकमिशनर म्हणून त्यांनी काम पाहिले. १९३० पासून ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद होते. आधी उद्योग व मजूर खाते आणि १९३२ ते १९३५ या काळात व्यापार व रेल्वे ही खाती त्यांच्याकडे होती. जपानशी झालेल्या व्यापारी कराराची अवघड बोलणी हिंदुस्थानच्या बाजूने त्यांनीच केली. त्यांना सर हा किताब मिळाला. त्यांच्या पत्नी मार्गारेट या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या वैद्यकीय पदवीधर होत्या.

इथपर्यंत वाचले आणि माझी निराशा झाली, हे कबूल केले पाहिजे. १९३० हे मिठाच्या सत्याग्रहाचे वर्ष. त्याच वर्षी मार्च महिन्यात भोरांच्या जन्मगावी, नाशिकला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. रानोरान जंगल सत्याग्रह चालले होते. आणि त्याच साली हे गृहस्थ व्हाइसरॉयच्या मंडळात बसले होते. ज्यांची चरित्रे आपण पाठ्यपुस्तकांतून वाचतो, त्यांच्यात अशा माणसाला जागा नाही, आणि ती का नाही हेही समजते. १९३५ साली ते निवृत्त झाले. त्यांचे आयुष्य तेवढ्यावर संपते, तर मी पुस्तक मिटून ठेवले असते.

परंतु ऑक्टोबर १९४३ मध्ये सरकारने आरोग्याची पाहणी आणि विकास यांसाठी एक समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद भोरांकडे दिले. त्यांचे वय तेव्हा पासष्ट होते. तो काळ डोळ्यांपुढे आणावा. महायुद्ध चालू होते. बंगालमध्ये दुष्काळाने माणसे रस्त्यावर मरत होती. तिकडे इंग्लंडात १९४२ च्या अखेरीस बेव्हरिज यांचा सामाजिक सुरक्षिततेचा अहवाल निघाला होता आणि युद्धानंतर आजारपणाचा भार सरकारने उचलावा अशी चर्चा तेथे घरोघर चालू होती. भोर स्वतः डॉक्टर नव्हते. ते मोजमाप करणारे, टिपणे काढणारे, निरनिराळ्या मतांच्या माणसांना एका मेजाभोवती बसवणारे सनदी अधिकारी होते. समितीत डॉ. बिधनचंद्र रॉय, डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्यासारखे नामांकित वैद्य होते, तसे कामगारांचे पुढारी ना. म. जोशीही होते. १९४६ मध्ये समितीचा अहवाल चार खंडांत प्रसिद्ध झाला.

त्या अहवालातले आकडे वाचताना मला आमचा पाडाच दिसू लागला. त्या वेळी हिंदुस्थानात जन्मलेल्या मुलाचे सरासरी आयुर्मान सुमारे २७ वर्षे होते. १९३७ साली जन्मलेल्या दर हजार मुलांमागे १६२ मुले वर्षाच्या आत दगावत होती. देशातल्या एकूण मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे मृत्यू दहा वर्षांखालच्या मुलांचे होते. दरसाल सुमारे दोन लाख बाया बाळंतपणात मरत होत्या. ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर होता आणि ४३,००० माणसांमागे एक परिचारिका. तीही बहुधा शहरात. हजार लोकांमागे दवाखान्यातली खाट एकसुद्धा पुरी येत नव्हती, पाव खाट येत होती.

यावर समितीने जे सुचविले त्याचा पाया एका विचारात आहे. जवळ पैसे नाहीत एवढ्या कारणाने कोणीही माणूस पुरेशा उपचाराला मुकता कामा नये, असा तो विचार. त्याच्या जोडीला आणखी तीन गोष्टी होत्या. रोग बरा करणे आणि रोग होऊ न देणे ही दोन कामे एकाच ठिकाणी, एकाच माणसांनी करावीत. दवाखाना लोकांच्या जितका जवळ नेता येईल तितका न्यावा. आणि गावोगाव पाचसात माणसांची आरोग्य समिती असावी, म्हणजे लोक नुसते औषध घेणारे राहणार नाहीत. ताबडतोबीची योजना म्हणून ४०,००० वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि त्यात दोन डॉक्टर, चार आरोग्य परिचारिका, चार सुईणी, चार शिकवून तयार केलेल्या दाया असा नोकरवर्ग सांगितला होता. पुढच्या सुमारे चाळीस वर्षांत हे वाढवत न्यायचे होते. दहा ते वीस हजार वस्तीला एक केंद्र आणि त्याला जोडून ७५ खाटांचे रुग्णालय, इथवर.

इंग्लंडने आपली राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू केली, आणि त्या दिवसापासून तेथल्या प्रत्येकाला डॉक्टर मोफत झाला. आपल्याकडे २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास योजनेबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रांची सुरुवात झाली, पण एकेका विकासगटाला एक अशी. १९५६ साली दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था निघाली. तिची कल्पनाही याच अहवालातली. १९६० साली भोर वारले तेव्हा त्यांच्या आराखड्याचा थोडासाच भाग जमिनीवर उतरला होता. शिरपामाळाचे नाव घेताना शिरपेच आठवतो. भोर समितीचे नाव घेताना भोर मात्र कोणाला आठवत नाहीत. परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांतून समिती उरली, माणूस गळून गेला.

भोरांच्या आराखड्यात उणिवा नव्हत्या असे नाही. वैद्य, हकीम यांना त्यात जवळजवळ जागाच नव्हती. कमी मुदतीचा वैद्यकीय शिक्षणक्रम बंद करून सगळे डॉक्टर एकाच, मोठ्या पदवीचे असावेत असे बहुमताने ठरले. समितीतल्या काही सभासदांना ते पटले नव्हते. मोठ्या पदवीचा डॉक्टर आमच्या घाटावर किती दिवस टिकतो, हे आम्ही पाहतो आहोत. आणि सर्वांत मोठी उणीव म्हणजे, माझ्या अल्पमतीप्रमाणे, माणसे डोक्यांनी मोजली गेली, डोंगरांनी नाही. सपाटीवरची दहा हजार माणसे आणि दोन टेकड्यांआडची दहा हजार माणसे यांना एकच माप लागत नाही. हे पुढे सरकारच्याही ध्यानात आले, आणि आदिवासी व डोंगराळ भागासाठी २०,००० वस्तीला एक केंद्र व ३,००० वस्तीला एक उपकेंद्र असे वेगळे प्रमाण ठरले. तरीही १९९२-९३ मध्ये आमच्याच जव्हार तालुक्यात, वावर-वांगणीत, कुपोषणाने मुलांचे बळी गेले, आणि कागदावरचे प्रमाण वेगळे, पाड्यावरचे वेगळे, हे सगळ्या महाराष्ट्राला दिसले.

परंतु उणिवा मोजताना मूळ गोष्ट विसरू नये. पारतंत्र्यात, सरकारी चाकरीत सारे आयुष्य काढलेल्या एका निवृत्त अधिकाऱ्याने, देश स्वतंत्र होण्याआधी एक वर्ष, असे लिहून ठेवले की उपचार ही भीक नव्हे. ते लिहिताना त्याच्यापुढे मोखाड्याची एखादी बाई असणे शक्य नव्हते. तरी ते तिला लागू पडले. २०१२ च्या श्रावणात ज्या चिठ्ठीवर माझा भाऊ जव्हारला गेला, त्या चिठ्ठीची सुरुवात १९४६ च्या त्या चार खंडांत आहे. तुरुंगात न गेलेल्या माणसांनीही देशाचे काही काम करून ठेवलेले असते, हे मला भोरांनी शिकविले.

दिवाळीच्या सुटीत घरी गेलो तेव्हा मी आईला हे सगळे सांगितले. तिला अहवाल, समिती हे काही कळणार नव्हते. म्हणून मी एवढेच सांगितले की, नाशिकचे एक भोरसाहेब होते, त्यांनी तुझ्यासारख्या आईला दवाखान्यात पैसे पडू नयेत असे सरकारकडे लिहून दिले होते. तेव्हा तू त्या दिवशी कोणाचे काही देणे लागत नव्हतीस, ते तुझे हक्काचे होते. आई नागली पाखडत होती. तिने ऐकून घेतले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग सूप खाली ठेवून तिने मला विचारले, हक्काचे होते तर ते पहिलीच्या वेळी का आले नाही?

मला उत्तर देता आले नाही. परत आल्यावर मी वर्षांचा हिशेब केला. भोरांच्या आराखड्याची मुदत १९४६ पासून सुमारे चाळीस वर्षांची होती. पहिली झोळीत गेली तेव्हा ती मुदत उलटून सोळा वर्षे झाली होती.