संत इग्नेशियस लोयोला आणि उपवासाचा धडा

प्रायश्चित्तकाळ आला म्हणजे उपवास किती करावा, हा प्रश्न भाविकांच्या मनांत उभा राहतो. कोणी तो मुळींच करीत नाहीं, तर कोणी शक्तीबाहेर करितो. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांनीं ही विद्या ग्रंथांतून नव्हे, तर स्वतःच्या देहावर झीज सोसून मिळविली. म्हणून त्यांचें चरित्र या बाबतींत विशेष बोधप्रद आहे.

त्यांचा जन्म स्पेन देशांतील लोयोलाच्या गढींत १४९१ च्या सुमारास झाला. ता. २० मे १५२१ रोजीं पांपलोनाच्या किल्ल्याचें रक्षण करीत असतां तोफेचा गोळा लागून त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडले असतां ख्रिस्तचरित्र व संतचरित्रें त्यांच्या हातीं आलीं. दरबारी मानाची हांव सुटली. पण तिच्या जागीं संतांहूनहि कठोर तप करावें, अशी नवी हांव शिरली.

मार्च १५२२ मध्यें मोंसेर्रात येथें देवमातेपुढें रात्रभर जागरण करून त्यांनीं आपली तरवार तेथेंच ठेविली, उंची वस्त्रें एका भिकाऱ्यास दिलीं व गोणपाटाचा झगा घालून ते मान्रेसा गांवीं राहिले. तेथें ते भिक्षेवर निर्वाह करीत, मांस व मद्य वर्ज्य करीत, आणि रोज सात तास गुडघे टेकून प्रार्थना करीत. रविवारीं मात्र उपवास नसे.

तरीहि मनाला शांति मिळेना. पुनः पुनः पापनिवेदन करूनहि कांहीं पाप सांगावयाचें राहिलें असेल, ही शंका त्यांना कुरतडीत राही. एकदां तर जीव द्यावा असा मोह झाला. पण तें पाप आहे हें जाणून त्यांनीं तो परतविला. मग देव शांति देईपर्यंत अन्नपाण्यास शिवावयाचें नाहीं, असा निश्चय करून त्यांनीं रविवारपासून रविवारपर्यंत कडकडीत उपवास केला. पापनिवेदनाच्या वेळीं ही गोष्ट कळतांच धर्मगुरूंनीं उपवास सोडण्याची आज्ञा केली. अंगांत अजून बळ वाटत असतांहि त्यांनीं ती तत्काळ मानिली.

दोन दिवस शांतीचे गेले आणि शंका परत आल्या. परंतु आतां त्या कोठून येतात, हें त्यांनीं ओळखिलें. मागचीं पापें पुनः उकरून काढावयाचीं नाहींत, असें ठरवितांच त्यांची सुटका झाली. जें आठ दिवसांच्या भुकेनें साधलें नाहीं, तें आज्ञापालनानें व विवेकानें साधलें. देहास मात्र भोग चुकले नाहींत. त्या हिंवाळ्यांत ते फार आजारी पडले. गांवांतील भगिनींनीं त्यांची शुश्रूषा केली. पोटदुखी तर त्यांना जन्मभर सोसावी लागली.

शिकलेलें त्यांनीं इतरांस शिकविलें. १५३४ च्या कडाक्याच्या थंडींत पॅरिस येथें त्यांचे सोबती पीटर फावर यांनीं आध्यात्मिक साधना करितांना सहा दिवस कांहींच खाल्लें नाहीं व शेकोटीहि पेटविली नाहीं. मुद्रा पाहून इग्नेशियसनीं खरें काय तें काढून घेतलें. त्यांनीं रागें भरून बोल लाविला नाहीं. तासाभरानें परत येऊन जेवावयास व विस्तव पेटविण्यास सांगितलें.

तिसरे पोप पॉल यांनीं १५४८ मध्यें मान्य केलेल्या त्यांच्या साधनाग्रंथांत आहाराचे आठ नियम आहेत. भाकरीपेक्षां पेयांविषयीं व चमचमीत पदार्थांविषयीं अधिक जपावें. प्रकृति न बिघडवितां आहार कमी करीत योग्य प्रमाण शोधावें. प्रेषितांसह भोजन करणारा येशू डोळ्यांपुढें आणून जेवावें. आणि पुढच्या जेवणाचें माप भूक शमलेली असतांनाच ठरवावें, असें ते शिकवितात. त्याच वर्षीं गांदियाचे ड्यूक फ्रान्सिस बोर्जा यांना त्यांनीं पत्र लिहून उपवास कमी करण्यास सांगितलें. कारण आत्म्याप्रमाणें शरीरहि देवाचेंच आहे व त्याचाहि हिशेब द्यावयाचा आहे.

ता. ३१ जुलै १५५६ रोजीं रोम येथें ते देवाघरीं गेले. पॅरिसचे त्यांचे सोबती व गोव्यास येऊन पोंचलेले संत फ्रान्सिस झेवियर यांजबरोबरच ता. १२ मार्च १६२२ रोजीं त्यांना संतपद देण्यांत आलें.

धर्मबंधुभगिनींनो, उपवास म्हणजे देवाशीं केलेला सौदा नव्हे. तो आज्ञेंत राहून, प्रकृति पाहून व प्रेमानें करावा. मग थोडाहि पुष्कळ होतो.