गाळात गेलेला शास्त्रज्ञ

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटची. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी काढल्या असतीलच, उरल्यासुरल्या पोटात घाला.

यंदा माझं इयर डाऊन झालं. रूममेट टी.ई.ला गेली आणि मी जुन्याच विषयांचा फॉर्म हातात घेऊन लायब्ररीत बसले. फॉर्म भरायचा की सगळं सोडून घरी जायचं, हेच ठरत नव्हतं. थोडक्यात, मी गाळात गेले होते. त्याच दिवसांत खऱ्याखुऱ्या गाळात आयुष्य घालवलेला एक माणूस मला पुस्तकात भेटला. त्याचं नाव सर जॉन मरे.

मरे यांचा जन्म १८४१ मध्ये कॅनडात झाला. सतराव्या वर्षी ते आई-वडिलांच्या स्कॉटलंडला गेले. एडिंबरा विद्यापीठात मेडिकलला नाव घातलं, पण आवडेल तेच शिकायचं आणि परीक्षेच्या वाटेला जायचं नाही, असा त्यांचा खाक्या होता. डिग्री घेतलीच नाही. १८६८ मध्ये देवमासे पकडणाऱ्या जहाजावर डॉक्टर म्हणून ते आर्क्टिकला जाऊन आले आणि पुन्हा विद्यापीठाच्या लॅबमध्ये रमले.

१८७२ मध्ये ब्रिटनचे ‘चॅलेंजर’ हे जहाज समुद्राच्या अभ्यासासाठी निघणार होते. निवडलेल्या एका तज्ज्ञाने ऐनवेळी माघार घेतली आणि ती जागा मरे यांना मिळाली. साडेतीन वर्षांत जहाजाने सुमारे सव्वा लाख किलोमीटर प्रवास केला. तळ मोजायला सेन्सर वगैरे काही नव्हतं. वजन बांधलेला दोर खाली सोडायचा, तळाला टेकला की वर ओढायचा. यात तासन् तास जात. १८७५ मध्ये मारियाना बेटांजवळ दोर सुमारे ८,२०० मीटर खाली गेला. सुरुवातीला खलाशी जाळ्यात काय आलं हे पाहायला गर्दी करत, पुढे पुढे त्यांना चिखल बघायचाही कंटाळा आला.

मरे यांना मात्र नाही आला. तो चिखल ते मायक्रोस्कोपखाली बघत राहिले. त्यात सूक्ष्म जीवांची कवचं होती. हे जीव तळाशीच राहतात, असं मोहिमेचे प्रमुख वायव्हिल थॉमसन यांना वाटे. मरे यांनी वरच्या पाण्यात बारीक जाळं फिरवलं आणि तेच जीव तिथे जिवंत सापडले! म्हणजे ते वर जगतात, मेल्यावर त्यांची कवचं हळूहळू खाली पडतात. फार खोल पाण्यात ती विरघळून जातात आणि उरते लाल माती. त्या मातीत त्यांना ज्वालामुखीची राख आणि पाण्यावर तरंगत आलेल्या प्युमिस दगडाचे तुकडे दिसले. लोहचुंबक फिरवल्यावर बारीक गोळ्या चिकटल्या. त्या उल्कांमधून आल्या आहेत, हे त्यांनी ओळखलं.

प्रवाळाची कंकणासारखी बेटं कशी होतात, यावर ते थेट डार्विनशी भिडले. डार्विनच्या मते ज्वालामुखीचं बेट खचत जातं आणि प्रवाळ वर वाढत राहतं. मरे यांच्या मते समुद्राखालच्या ज्वालामुखीच्या शिखरावर गाळ साचून ते उंच होतं आणि मग त्यावर प्रवाळ वाढतं. १९५२ मध्ये पॅसिफिकमधल्या एनिवेटॉक बेटावर ड्रिलिंग केलं, तेव्हा सव्वा किलोमीटरहून जास्त प्रवाळाचा चुनखडक लागला आणि त्याखाली ज्वालामुखीचा खडक. डार्विन बरोबर, मरे चूक. पण त्यामुळे त्यांचं गाळाचं काम कोणी रद्द केलं नाही.

१८८२ मध्ये थॉमसन वारले. मोहिमेचा अहवाल अर्धाच होता आणि सरकार पैशासाठी हात आखडू लागलं. मरे यांनी पदरचे पैसे घालून १८९५ पर्यंत ५० खंड पूर्ण केले. हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावरच्या दगडात फॉस्फेट आहे हे त्यांनीच ओळखलं आणि त्या खाणींतून ते श्रीमंत झाले. १९१४ मध्ये मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाला. त्यांनी मागे ठेवलेल्या पैशातून १९३३-३४ मध्ये ‘माबाहिस’ हे इजिप्तचं जहाज आपल्या अरबी समुद्राचा तळ अभ्यासायला आलं. तिथल्या एका पाण्याखालच्या डोंगररांगेला आज मरे रिज म्हणतात.

डिग्री नसली तरी चालतं, असं मी म्हणत नाहीये. तसं म्हटलं तर एच.ओ.डी. सर हा लेखच छापू देणार नाहीत! मरे परीक्षेला बसले नाहीत, पण साडेतीन वर्षांचं प्रॅक्टिकल केलं, हे मी विसरत नाही. मी तर जिओटेक्निकलच्या लॅबमध्ये माती चाळताना घड्याळाकडे बघत असे. रीडिंग मैत्रिणीच्या जर्नलमधून उतरवलेली, मग ओरलला काय सांगणार?

फॉर्म शेवटच्या दिवशी, लेट फी न लागता भरला. परवा लॅब असिस्टंट काकांना विचारून पुन्हा माती चाळायला बसले. यावेळी ७५ मायक्रॉनच्या चाळणीखाली जे उरलं, ते टाकून न देता आधी बोटांवर चोळून पाहिलं.