नामदार गोखले यांचा हिशेब

गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील लवकर वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून तुटपुंज्या पगाराची नोकरी पत्करली व धाकट्या भावास शिकविले. त्या घरात पै-पैचा विचार करावा लागे. पदवी मिळाल्यावर गोपाळराव पुण्यास अध्यापक झाले. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळांतून चालत असे. सरकारी अहवालांतील आकडे पारखण्याचे कठोर शिक्षण मात्र त्यांना न्यायमूर्ती रानडे यांच्या हाताखाली मिळाले.

२६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात ते अंदाजपत्रकावर प्रथमच बोलावयास उभे राहिले. अंदाजपत्रक म्हणजे सरकारच्या येत्या वर्षाच्या जमाखर्चाचा आराखडा. सभासदांना त्यावर भाषण करता येई. मत देण्याचा अधिकार नव्हता. सरकारजवळ त्या वेळी मोठी शिल्लक उरली होती, व ती देशाच्या भरभराटीची खूण मानली जात होती. परंतु दोनच वर्षांपूर्वी दुष्काळाने लाखो माणसे दगावली होती! मग ही शिल्लक आली कोठून?

गोखल्यांनी ते उलगडून दाखविले. हिंदुस्थान सरकारला दरसाल विलायतेत मोठ्या रकमा सोन्याच्या नाण्यात भराव्या लागत. रुपयाचा भाव घसरला, तेव्हा ही तूट भरून काढण्यासाठी कर वाढविण्यात आले. १८८८ साली मिठावरील कर मणामागे अडीच रुपये झाला. पुढे १८९३ मध्ये टांकसाळीत लोकांच्या चांदीचे रुपये पाडून देणे सरकारने बंद केले. रुपयाचा भाव हळूहळू चढला व तेच देणे थोड्या रुपयांत भागू लागले. कर मात्र खाली आले नाहीत. सरकारच्या तिजोरीतील शिल्लक ही अशा रीतीने रयतेच्या ताटातून आलेली होती. मीठ तर भिकाऱ्यालाही लागते. तो कर उतरवावा, लष्करावरील खर्चास आळा घालावा आणि शिक्षणाकडे पैसा वळवावा, अशी त्यांची मागणी होती.

मिठाचा कर १९०३ मध्ये दोन, १९०५ मध्ये दीड व १९०७ मध्ये एक रुपयावर आला. याचे सारे श्रेय एकट्या गोखल्यांना देणे योग्य होणार नाही. पण वर्षामागून वर्षे त्यांनी हा प्रश्न धसास लावला, हे खरे.

सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे त्यांचे विधेयक मात्र १९१२ मध्ये फेटाळले गेले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी, पुण्यास त्यांचे निधन झाले.